कुलथे काकांचा लाल गोल

आमच्या न्हाणीघरात नळाखालच्या एका फरशीवर लाल गोल आहे. घासणी झाली, ॲसिड झालं, रॉकेल झालं. गोल फिका पडला, पण गेला नाही. तो कुलथे काकांनी आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी काढला. बाहेर पंगत बसत होती, बायको नव्या साडीत जिलबी वाढत होती, आणि हे गृहस्थ हात धुवायला म्हणून आत गेले ते तिथेच उकिडवे बसले. फरशीला केसाएवढी चीर होती. ती आम्हाला दिसली नव्हती, बिल्डरला दिसली नव्हती. काकांनी खिशातून मार्कर काढला, चिरेभोवती गोल केला, आणि बाहेर येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "आता रोज दिसेल." मग पानावर बसून दोनदा मठ्ठा मागितला. नव्या घरात बायको पहिल्यांदा रडली ती त्या दिवशी.

कुलथे काका नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिक रोडला प्रेस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. उभी नोकरी त्यांनी छापून आलेले कागद उजेडाकडे धरून खोट शोधण्यात घालवली. नजर अशी तयार झाली की शंभर माणसं ज्याच्यावरून हात फिरवून जातील तिथे ह्यांचं बोट अचूक अडायचं. तिथे ते मोठ्या कामाचे होते, याबद्दल शंका नाही. पंचाईत अशी झाली की त्यांना रिटायर केलं तेव्हा त्यांची नजर कुणी काढून घेतली नाही. ती घेऊन ते आमच्या कॉलनीत राहायला मोकळे झाले.

जगाचे त्यांनी दोनच गठ्ठे केले होते. एक 'रद्द' आणि दुसरा 'चालेल'. 'छान' नावाचा गठ्ठा त्यांच्याकडे नव्हता. वाण्याकडचे पापड, मंडळाची आरास, शेजारच्या मुलीचं गाणं, समोरच्यांच्या सुनेचा पोळीचा घेर, सगळं रद्द. मार्कर कायम शर्टाच्या खिशात. गोल काढायचे आणि पुढे जायचे. त्यांचा मुलगा बेंगळुरूला असायचा. तो फोन करायचा तो आईच्या मोबाइलवर, आणि बाबा फिरायला गेलेत का हे आधी विचारून मगच बोलायला लागायचा.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कॉलनीत सगळ्यांना पाठ करायला लावला होता. खूण ज्यानं केली त्यानंच ती पुसायची. दुसऱ्यानं हात लावला तर तपासणीला अर्थच उरत नाही. एकदा सोसायटीच्या जिन्यातला त्यांनी केलेला गोल रंगाऱ्यानं रंगाखाली घातला, तर त्यांनी रंग खरवडून खालचा गोल पुन्हा उघडा केला होता.

माझं स्टेशनजवळ छपाईचं आणि फ्रेमिंगचं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, देवादिकांचे फोटो. म्हणजे धंदा तोच, कागदावर शाई. त्यामुळे काकांचा माझ्यावर विशेष लोभ. आठवड्यातून एकदा दुकानात यायचे, गिऱ्हाइकासमोर एखादा फ्लेक्स न्याहाळायचे आणि म्हणायचे, "अरुण, याला छपाई म्हणत नाहीत." इतक्या वर्षांत माझ्या एकाही कामाला त्यांच्या तोंडून 'चालेल' मिळालं नव्हतं. मला ते आवडायचे नाहीत, हे सरळच सांगतो. तरी त्यांच्या घरी जात राहिलो, ते काकूंमुळे.

काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. ठेंगण्या, हसऱ्या, आणि फळ्यावर एका दमात असा गोल काढायच्या की पोरं कंपास घेऊन तपासायची. घरी मात्र त्यांनी काढलेलं एकही चित्र भिंतीवर नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लावलं होतं रे. पास नाही झालं." आणि हसल्या. पुढे एकदा कांदे चिरता चिरता म्हणाल्या होत्या, की दागिने नकोत, यात्रा नको, या माणसाच्या तोंडून एकदा 'तुझं बरोबर होतं' एवढं ऐकायचंय. मी ते थट्टेवारी नेलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

रिटायर झाल्यावर काकांनी दुर्बीण घेतली. मला वाटलं, बरं झालं, आकाशात तरी गोल काढता येणार नाहीत. पण त्यांनी तिथेही तपासणी खातं उघडलं. शनीची कडी त्यांना तिरकी वाटली. धूमकेतू आला, सगळं गाव गच्चीवर चढलं, काका म्हणाले, "फिस्कटलेला आहे." पुढे त्यांनी दुर्बिणीला कॅमेरा जोडला, ताऱ्यांबरोबर आपोआप सरकणारा मोटारीचा स्टँड आणला आणि एक दीर्घिका धरली. सप्तर्षीच्या शेपटीजवळची, चक्रासारखी. आपल्या आकाशगंगेसारखीच ती दुसरी, कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या अंतरावरची. तिचा असा फोटो काढायचा की ज्यात एकही खोट नसेल, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

नाशिकच्या उजेडात ते जमणार नव्हतं. म्हणून अमावस्येच्या आसपास, चंद्र नसताना, माझी व्हॅन निघायची, पेठच्या पुढे डोंगरात. तिथे एका शेतकऱ्याच्या खळ्यावर दुर्बीण लावायची. मी चालवायचो, काकू डबा धरून मागे बसायच्या, काका पुढे बसून माझ्या गिअर बदलण्यातल्या चुका सांगायचे.

एका फेरीला आम्ही दिवेलागणीला पोचलो तर खळ्याशेजारी मांडव. त्या शेतकऱ्याच्याच मुलीची हळद होती. एक पिवळा बल्ब लटकत होता, बाया गाणी म्हणत होत्या. काका खाली उतरले ते थेट मांडवात गेले आणि दिवा बंद करायला सांगितला. तो बापुडा हात जोडून म्हणाला, "साहेब, हळद हाय पोरीची. एकच तर दिवा हाय." काका म्हणाले, "अमावस्येच्या तोंडावर लग्न काढायला कोणी सांगितलं होतं? मला पुन्हा महिन्यानं यावं लागेल." तुझ्या खळ्यावर मी येतो म्हणून गावाला तुझं नाव माहीत झालं, असंही वर ऐकवलं. त्या माणसानं खरंच दिवा मालवला. कुणाला दुखवायचं नाही, या सवयीनंच मालवला असणार. मुलगी अंधारात पाटावर बसून राहिली आणि बायांची गाणी बंद पडली.

काकू डबा ठेवून मांडवात गेल्या. मोबाइलचा उजेड पदराआड धरून त्यांनी मुलीला हळद लावली आणि तिच्याजवळ बसून राहिल्या. परत आल्या तेव्हा हात पिवळे होते. काका म्हणाले, "त्या हातांनी लॅपटॉपला शिवू नकोस." काकूंनी हात मागे घेतले. दीर्घिकेचे फोटो मात्र त्या दिवशी फार चांगले आले, आणि तेच मला जास्त लागलं.

आता हे फोटो कसे जमतात ते थोडं सांगायला हवं. एका फोटोत काही दिसत नाही, नुसता धुरकट पुसट पिंजलेला कापूस. असे शेकडो फोटो, म्हणजे फ्रेम, वेगवेगळ्या फेऱ्यांत घ्यायच्या आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायच्या. मग हळूहळू ती दीर्घिका वर येते. पण त्याआधी खराब फ्रेम काढून टाकाव्या लागतात. कुठे विमान गेलेलं, कुठे वाऱ्यानं दुर्बीण हललेली. हे निवडायचं काम काकूंचं. त्यांचा मोतीबिंदू निघाला होता आणि नजर लख्ख झाली होती. दुपारी जेवणं झाली की त्या तांदूळ निवडायला बसल्यासारख्या लॅपटॉपपुढे बसायच्या. दोन उन्हाळे हेच. त्या दीर्घिकेतला प्रत्येक ठिपका त्यांना ठाऊक झाला होता. काकांची नजर मात्र तेव्हा उतरणीला लागलेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, रोज थेंब घाला म्हणाले. काकांनी घरी येऊन ते यंत्र रद्द केलं, डॉक्टर रद्द केला आणि थेंबांची बाटली कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटच्या फेरीनंतर मी दुपारी त्यांच्या घरी गेलो होतो, फ्रेमची लाकडाची पट्टी दाखवायला. काकू लॅपटॉपसमोर होत्या. त्या अचानक म्हणाल्या, "अहो, इथे एक ठिपका नवा आहे."

काका पेपर वाचत होते. त्यातूनच म्हणाले, धूळ असेल.

काकूंनी पुढची फ्रेम उघडली, त्याच्या पुढची उघडली. मग शांतपणे म्हणाल्या, "धूळ कॅमेऱ्याबरोबर एका जागी राहते ना? हा ताऱ्यांबरोबर सरकतोय. आणि मागच्या कुठल्याच फेरीत नाही."

मला यातलं फार कळत नाही, पण ते बोलणं बिनतोड आहे एवढं मलाही कळलं. काकांनाही कळलं असणार. ते उठले, स्क्रीनजवळ डोळे नेले, मान इकडे तिकडे केली. त्यांना तो ठिपका दिसलाच नाही असं मला आजही वाटतं. पण 'मला दिसत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, "जे बाकीच्या फ्रेममध्ये नाही, ते खोटं. एक खोट निघाली की सगळा गठ्ठा रद्द. ही अख्खी फेरी काढून टाक."

काकू म्हणाल्या, राहू द्या ना, बाजूला ठेवू. काका म्हणाले, रद्द केलेला माल बाजूला ठेवायचा नसतो, नष्ट करायचा असतो. आणि मग खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी बसले. "तूच दाब," ते म्हणाले. "म्हणजे लक्षात राहील."

काकूंनी बटण दाबलं. मग काकांनी लॅपटॉपमधली कचऱ्याची टोपली रिकामी करायला लावली, तेही केलं. कॅमेऱ्यातलं कार्डही काकांनी त्यांच्याच हातून पुसवून घेतलं. काकूंचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मला पाहवेना. मी लाकडाची पट्टी घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी उरलेल्या फ्रेम रचून तयार झालेला फोटो छापायला आणला. मी छापला, त्यांनी रद्द केला. पुन्हा छापला, पुन्हा रद्द. काळा रंग त्यांना पुरेसा काळा होईना. दुकानाच्या भिंतीला टेकवलेल्या दीर्घिका पाहून गिऱ्हाइकं विचारायची, हे कुठल्या बाबांचं चक्र आहे. शेवटी एक प्रिंट त्यांनी उचलला आणि 'इलाज नाही' म्हणाले. मी तो काच घालून जाड काळ्या चौकटीत बसवला. खरं सांगायचं तर फोटो विलक्षण सुंदर होता. असल्या माणसाच्या हातून असलं काही होऊ शकतं, याचा मला राग आला.

रविवारी त्यांनी आकाश बघणाऱ्या आपल्या मित्रमंडळींना बोलावलं. दहा-बारा जण होते. फोटोवर शाल टाकली होती. शाल काढली, सगळे पुढे झाले, वा वा झालं. काकू चिवड्याच्या डिश घेऊन आल्या. तेवढ्यात काकांना रंग चढला.

म्हणाले, "आमच्या घरी गेल्या आठवड्यात नव्या ताऱ्याचा शोध लागला, बरं का. बाईसाहेबांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना मुगाच्या डाळीतसुद्धा तारे दिसतात."

लोक हसले. घरच्या बाईवर केलेल्या विनोदाला हसायचं असतं म्हणून हसतात तसे. काकू ट्रे धरून उभ्या होत्या. त्याही हसल्या, आणि ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टर निकम म्हणून दातांचे डॉक्टर त्या मंडळींत होते. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी डिश खाली ठेवली आणि काकांकडे न बघता विचारलं, "काकू, तो ठिपका कुठे होता?"

काकूंनी ट्रे माझ्या हातात दिला. त्या काकांजवळ गेल्या, त्यांच्या शर्टाच्या खिशातला मार्कर काढून घेतला आणि चौकटीपुढे उभ्या राहिल्या. क्षणभरही शोधावं लागलं नाही. दीर्घिकेच्या बाहेरच्या वळशापाशी, जिथे फोटोत काहीच नव्हतं, तिथे काचेवर त्यांनी एका दमात लाल गोल काढला. हात जरासुद्धा हलला नाही.

डॉक्टर निकमांनी मोबाइल काढून त्या गोलाशेजारी धरला. मोबाइलवर तीच दीर्घिका होती, आणि त्याच जागी एक टपोरा तारा. म्हणाले, "बातमी काल रात्री आली. तारा फुटलाय, फुटताना असा उजळतो. परदेशात कुणाला तरी परवा सापडला. काका, तुमच्या फ्रेम त्याच्या आधीच्या आहेत. त्या पाठवा. पहिलं नाव तुमच्या घराचं लागेल."

 जन्मभर खोट शोधणाऱ्या माणसाच्या हाती एकदाच अशी वस्तू आली होती जी खोट नव्हती. ती त्यांनी बायकोला अद्दल घडवायला तिच्याच बोटानं पुसून टाकली होती. ते खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं.

सगळे काकांकडे बघत होते. काकू पण बघत होत्या, आणि कशाची वाट बघत होत्या ते मला ठाऊक होतं. दोन-तीन शब्दांचं काम होतं. काका म्हणाले, "त्या फ्रेम खराबच होत्या. दव होतं." मग म्हणाले, "चहाचं बघ."

काकू चहाचं बघायला गेल्या.

मंडळी गेल्यावर मी काकांना म्हटलं, माझ्याकडे स्पिरिट आहे, काच पुसून देतो. ते त्या गोलाकडे बघत म्हणाले, "खूण तिची आहे." माझ्या न्हाणीघरातली फरशी मला तेव्हा आठवली, आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर गोल तसाच राहिला. येणारा जाणारा विचारायचा, हे काय. काकू सांगायच्या, "इथे एक तारा होता." कुणाला सापडला, काय झालं, चकार शब्द नाही. काका समोरच्या खुर्चीत बसलेले असायचे. त्यांनी कधीही काकूंना 'पुस' म्हटलं नाही, कारण तसं म्हणायला आधी दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं.

डोळे वर्षा-दोन वर्षांत गेले. आधी कडांनी अंधार आत सरकला. चालताना दाराच्या चौकटींना आपटायचे आणि सुताराला शिव्या घालायचे. थेंब सुरू केले, पण गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मग पेपर काकू वाचून दाखवू लागल्या. मधल्या ओळी गाळायच्या. काकांना वाक्य लागायचं नाही, कपाळाला आठ्या पडायच्या, पण तपासणार कशानं? काकू त्यांना दोन वेगळे मोजे घालून फिरायला पाठवायच्या. अमावस्येच्या आधी डॉक्टर निकमांची गाडी दारात यायची आणि काकू दुर्बीण घेऊन पेठला जायच्या. हळद झालेल्या त्या मुलीच्या बाळाला त्यांनी झबलं शिवून नेलं. जाताना काकांजवळ जेवणाचा डबा ठेवायच्या आणि दिवा मालवून जायच्या. उजेडाचा त्यांना तसा काही उपयोग नाही, म्हणायच्या.

या माघात मी त्यांच्याकडे गेलो ते शिडी परत करायला. सकाळची वेळ होती. काका खुर्ची फोटोच्या अगदी जवळ ओढून बसले होते आणि बोटं काचेवरून सावकाश फिरवत होते. ऊन थेट काचेवर आलं होतं. मी सहज बघितलं, तर काच स्वच्छ. गोल नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेलो. काकू मेथी निवडत होत्या. मी हळूच विचारलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "श्रावणातच पुसला. कंटाळा आला मला त्याचा."

मी म्हटलं, काकांना सांगितलं नाहीत?

"ते रोज विचारतात, आहे का अजून. मी म्हणते, आहे." मेथीची एक काडी त्यांनी मोडली. "पुसतेस का, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

बाहेरून काकांनी हाक मारली. बायकोच्या शब्दावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. त्यांनी बोट काचेवर एका जागी टेकवलं. जागा चुकली होती, वीतभर.

"अरुण," ते म्हणाले, "तिचा गोल आहे ना रे इथे?"

काकू मेथीचं ताट घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला खूण केली नाही, मान हलवली नाही. नुसत्या उभ्या होत्या.

"आहे, काका," मी म्हटलं.

"तसाच? लाल?"

"तसाच. लाल."

काकांनी काचेवरचं बोट काढून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मग कामगारानं आणून दाखवलेला कागद पास करावा तसं ते मला म्हणाले, "चालेल."